गोळीने नशा सुटते काय?

ज्या घरातला एक मुलगा गर्दच्या नादी लागला, त्या घराची वाताहत आपण आपल्या वस्त्यांतून पाहिली आहे. भांडी विकली जातात, बहिणीचे लग्न अडते, बाप खचतो. अशा वेळी ‘हे विष विकणाऱ्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत’ असे उद्गार भल्या माणसांच्या तोंडूनही निघतात. हा संताप खोटा नाही. परंतु एका देशाने तसे खरोखरच करून पाहिले. त्याचा हिशेब आपण समजून घेतला पाहिजे.

३० जून २०१६ रोजी रॉड्रिगो दुतेर्ते फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. तिकडे ‘शाबू’ नावाने विकल्या जाणाऱ्या अमली पदार्थाविरुद्ध त्यांनी युद्ध पुकारले. पोलीस याद्या घेऊन झोपडपट्ट्यांतली दारे ठोठावू लागले. ‘संशयिताने प्रतिकार केला म्हणून गोळी झाडली’ हेच कारण वारंवार दिले जाऊ लागले. २०२२ साली त्यांची कारकीर्द संपली तेव्हा सरकारी आकड्यांप्रमाणेच पोलीस कारवाईत ६,००० हून अधिक माणसे ठार झाली होती. अज्ञात मारेकऱ्यांचे बळी यात नाहीत. मेलेल्यांत बहुसंख्य शहरातले गरीब होते.

मग जनता काय म्हणत होती? डिसेंबर २०१६ च्या ‘सोशल वेदर स्टेशन्स’ या संस्थेच्या पाहणीत ८५ टक्के लोक मोहिमेवर समाधानी होते. मात्र त्याच पाहणीत ९४ टक्के लोकांना संशयितांना जिवंत पकडणे महत्त्वाचे वाटत होते, आणि ७८ टक्के लोकांना आपण किंवा आपल्या ओळखीचे कोणी असे मारले जाऊ अशी धास्ती होती!

यात विसंगती वाटते, पण माणसाचे मन असेच चालते. ‘गर्दुल्ला’ म्हटले की चेहरा दिसत नाही, म्हणून मन कठोर होते. तोच शेजाऱ्याचा मुलगा निघाला की न्याय आठवतो. ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकान शहरात १७ वर्षांचा विद्यार्थी पोलिसांच्या गोळीने मेला. त्याने गोळीबार केला, असे पोलीस म्हणाले. कॅमेऱ्यातील चित्रणात मात्र पोलीसच त्याला ओढून नेताना दिसत होते. तेव्हा लोक हजारोंनी अंत्ययात्रेला लोटले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन पोलीस खुनाबद्दल दोषी ठरले. मार्च २०२५ मध्ये खुद्द दुतेर्ते यांना अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात आले.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कडकच आहे. तरीही कमी प्रमाणातील मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही वाट किती घरांना ठाऊक आहे?

पंचशील घेताना आपण नशेपासून दूर राहण्याचे शील घेतो, आणि त्याआधी प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे. विष विकणाऱ्याला सजा जरूर व्हावी, पण ती न्यायालयाने ठरवावी. कारण दार ठोठावणाऱ्याच्या हातातील यादीत कोणाचे नाव आहे, हे गरिबाला आधी कधीच कळत नाही.