पोट दिसत नाही, तरी घोडी गाभण असू शकते

सारंगखेड्याच्या बाजारातून दोन-अडीच वर्षांची घोडी आणावी आणि काही महिन्यांनी तिची कास भरू लागावी, असे घडू शकते. ‘एवढ्या लहान वयात कशी गाभण राहील?’ हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शिंगी (तरुण मादी) साधारण दीड वर्षाची होईतो माजावर येते, कधी त्याआधीही. कळपात एकत्र चरताना एक नर पुरतो.

घोडीचा गर्भकाळ (गर्भ राहिल्यापासून विण्यापर्यंतचा काळ) सुमारे अकरा महिन्यांचा. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीचे कणीस बाहेरून दिसत नाही, तसेच हे. उलट, नुसत्या चाऱ्यानेही पोट सुटते. म्हणून पोटावरून निदान करू नये. सोनोग्राफीत (ध्वनिलहरींनी घेतलेल्या चित्रात) गर्भ पंधरवड्यानंतर दिसू लागतो.

विण्याच्या एक-दोन दिवस आधी बहुधा सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळसर थेंब जमतात. पहिलटकरणीत मात्र ही खूण हुकू शकते. शिवाय तिची स्वतःची वाढ अजून चालू असते. तिला खुराक स्वतःच्या वाढीला आणि गर्भालाही पुरेल असा हवा. नवी घोडी आणली की पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.