आधी बाहेर, मग आत

अजिंठ्याचा मुरलेला गाइड लेण्याच्या दारातच थांबतो. मागे राहिलेल्या आजी येईपर्यंत तोंड उघडत नाही. पहिल्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र कुठे, काय बघायचं, हे तो बाहेरच सांगतो. आत आवाज घुमतो, डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि माणसं पांगली की कोण ऐकतंय! आत तो बोलतो कमी, दाखवतो जास्त. गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर एका बाजूने उजेड पडला की चेहरा हसरा वाटतो, दुसऱ्या बाजूने गंभीर. घोळका आपोआप गप्प होतो. सनावळ्या घडाघडा म्हणणारेही भेटतात, पण त्यांच्यापुढे लोक मोबाइल काढतात. १८१९ मात्र लक्षात राहतं, कारण दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या साली खांबावर कोरलेलं स्वतःचं नाव अजून आहे.