मुंबई सिटी एफसीमधील मालक आणि मुख्य प्रशिक्षक

मुंबई सिटी एफसी हा इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा मुंबईतील व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. क्लबची स्थापना २०१४ साली झाली. पहिल्या सहा हंगामांत त्याला एकही करंडक मिळाला नाही. त्यानंतर २०२१ ते २०२४ या काळात लीग शील्ड आणि अजिंक्यपद प्रत्येकी दोनदा मिळाले. या बदलामागे मालकीतील फेरफार आणि प्रशिक्षकांची निवड अशी दोन्ही कारणे होती. त्यामुळे संघाच्या यशात मालक व मुख्य प्रशिक्षक यांचा वाटा समजून घेण्यासाठी हा क्लब उपयुक्त उदाहरण ठरतो.

कामाची विभागणी

व्यावसायिक क्लबमध्ये मालक भांडवल पुरवतो, प्रशिक्षकाची नेमणूक करतो आणि सराव मैदान, युवा संघ व खेळाडूंच्या खरेदीवरील खर्च ठरवतो. मुख्य प्रशिक्षक खेळण्याची पद्धत, सराव आणि सामन्यातील अकरा खेळाडूंची निवड पाहतो. खेळाडूंची खरेदी हा दोघांना जोडणारा दुवा असतो. प्रशिक्षकाच्या पद्धतीला साजेसे खेळाडू मालकाने मिळवून दिले, तरच ती पद्धत मैदानावर उतरते.

सुरुवातीचे हंगाम (२०१४–२०१९)

अभिनेते रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे क्लबचे संस्थापक मालक होत. सुरुवातीचे घरचे सामने ठाणे जिल्ह्यातील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत असत. २०१६ पासून ते अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनामध्ये होऊ लागले.

पहिल्या सहा हंगामांत पीटर रीड, निकोला अनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराइश आणि जोर्जे कोस्टा असे चार मुख्य प्रशिक्षक झाले. अनेल्का हे एकाच वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक होते. प्रशिक्षकाबरोबर खेळाची पद्धतही बदलत गेली. तरीही प्रशिक्षकाचा प्रभाव या काळातही दिसतो: २०१६ मध्ये गिमाराइश यांच्या संघाने साखळी फेरीत पहिले स्थान मिळवले, परंतु उपांत्य फेरीत तो पराभूत झाला. पुढच्या हंगामात तेच प्रशिक्षक असूनही संघ सातव्या स्थानापर्यंत घसरला.

मालकीतील बदल

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधील ६५ टक्के हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा मुख्य प्रशिक्षक झाले. चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण उभारण्याची त्यांची पद्धत एफसी गोवामध्ये रुजलेली होती. नव्या मालकांनी त्याच क्लबमधून मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई हे खेळाडूही आणले. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाची पद्धत जाणणारा गट पहिल्याच हंगामात तयार मिळाला. त्या हंगामात मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४० गुण झाले. परस्परांमधील सामन्यांच्या निकालावर शील्ड मुंबईला मिळाले. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्याच संघाला २–१ असे हरवून मुंबईने अजिंक्यपदही पटकावले.

प्रशिक्षक बदलले, पद्धत टिकली

ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेले आणि डेस बकिंगहॅम आले. त्यांनी यापूर्वी याच समूहाच्या मेलबर्न सिटी या क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले होते. पहिल्या हंगामात संघ पाचव्या स्थानी राहिला व बाद फेरीत पोहोचला नाही. तरीही मालकांनी त्यांना कायम ठेवले. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ असे हरवून मुंबई सिटी हा एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित राहून संघाने ४६ गुणांसह शील्ड जिंकले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. त्यांच्या जागी ऐन हंगामात आलेले पेत्र क्रॅटकी हेही मेलबर्न सिटीचे सहायक प्रशिक्षक होते. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३–१ असे नमवून संघाने दुसरे अजिंक्यपद मिळवले. एकाच समूहातून प्रशिक्षक घेतल्यामुळे प्रत्येक बदलाच्या वेळी संघाची घडी पुन्हा नव्याने बसवावी लागली नाही.

मालकावरील अवलंबित्व

मैदानावरील यश मालकाला बांधून ठेवतेच असे नाही. मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पुढे २०१० मध्ये कंपनीने हा व्यावसायिक संघ बंद केला. परेरा यांनी नंतर प्रशिक्षण दिलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, पण २०१५ मध्ये त्याचाही वरिष्ठ संघ बंद झाला. इंडियन सुपर लीगच्या भवितव्याविषयी अनिश्चितता असताना, डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीमधील आपला हिस्सा सोडला आणि मालकी पुन्हा संस्थापकांकडे आली. चांगला प्रशिक्षक संघाला विजेता बनवू शकतो; परंतु त्याच्यानंतर पद्धत टिकेल की नाही, किंबहुना संघच उरेल की नाही, हे बहुतांशी मालकाच्या निर्णयावर ठरते.