सिंदीचा तान्हा पोळा

नागपूर-वर्धा लोहमार्गावर सेलू तालुक्यात सिंदी नावाचे छोटे नगर आहे. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) असल्यामुळे या गावाला आपल्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लावूनच ओळख सांगावी लागते. एरवी गाडीतल्या प्रवाशाला कपाशी आणि तुरीच्या शेतांपलीकडे येथे पाहण्याजोगे फारसे काही दिसणार नाही. परंतु श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आसपासच्या गावांची पावले याच सिंदीकडे वळतात. त्या दिवशी तेथे तान्हा पोळा भरतो.

‘तान्हा’ म्हणजे लहानग्यांचा. आदल्या दिवशी मोठा पोळा झालेला असतो. त्याच्या पूर्वसंध्येला बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून शेकायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. जनावराला तोंडी निमंत्रण देण्याची ही रीत किती सुसंस्कृत आहे, हे शहरात वाढलेल्यांनी जरा थांबून पाहावे. सणाच्या दिवशी खांद्यावर जू नाही, पाठीवर चाबूक नाही. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना बेगड, अशा थाटात बैल आखरावर तोरणाखाली उभे राहतात, झडत्या रंगतात आणि तोरण तुटताच पोळा फुटतो. दुसऱ्या दिवशी हाच सारा सोहळा मुले लाकडी बैल घेऊन करतात. लाकडी बैलाला येथे नंदी म्हणतात. नंदीला चाके लावलेली, वेसणीला दोरी बांधलेली; तो ओढत घरोघरी जायचे, ओवाळून घ्यायचे आणि हातावर पडेल तो बोजारा, कुठे खाऊ तर कुठे नाणे, खिशात टाकायचा.

या प्रथेचा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याकडे नेला जातो. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला, असे सांगतात. हेतू साधा होता: ज्याच्या श्रमावर घर चालते त्या प्राण्याची ओळख मुलांना हसतखेळत व्हावी. प्रत्यक्ष बैलाजवळ लहान मूल सोडणे धोक्याचे. लाकडी बैलाजवळ तो धोका नाही.

नागपुरात त्याच दिवशी मारबतींच्या मिरवणुकांची धामधूम असते. काळी मारबत १८८१ पासून, तर पिवळी १८८५ पासून निघते. सिंदीने मात्र आपले सारे वैभव नंदींवरच उधळले आहे. येथील मोठमोठे नंदी दूरवर प्रसिद्ध आहेत. मुठीत मावेल अशा खेळण्यापासून, ओढण्यासाठी घरातली चार माणसे लागावीत अशा भारदस्त मूर्तीपर्यंत त्यांची परंपरा पसरली आहे. चांगला नंदी सागवानाचा. वशिंडाचा उठाव, गळ्याखालच्या पोळीची घडी, नाकपुडीचा फुगीरपणा यांवरून जाणता मनुष्य सुताराचा हात ओळखतो. पुष्कळ नंदी पांढरे रंगवलेले असतात, आणि ते पाहताना या जिल्ह्याच्या गवळाऊ बैलाची आठवण होते. पांढरा, सडपातळ, चपळ असा हा वाण; मराठ्यांच्या फौजांचे सामान झपाट्याने वाहण्यासाठी तो जोपासला गेला, असे मानतात. सुताराने समोर जे पाहिले, तेच लाकडात उतरले असणार.

या उत्सवाला तिकीट नाही. मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून विनामूल्य भरतो आणि त्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. सिंदीसारख्या गावात मात्र प्रवेशमूल्याची कल्पनाच कुणाला सुचलेली नाही. देखावे, वाद्यांचा गजर, सजवलेल्या नंदींची रांग, हे सारे रस्त्यावर, सर्वांसाठी. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये दोरी बांधलेली नसते. आता पाहणारी आजी घटकाभराने नातवाच्या नंदीला कुंकू लावत असते.

जैन कुटुंबांसाठी ही तिथी आणखी एका कारणाने जिव्हाळ्याची आहे. श्वेतांबर परंपरेत पर्युषणातील महावीर जन्मवाचन सामान्यतः याच प्रतिपदेला येते. त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांची मिरवणूक त्या दिवशी निघते आणि त्या स्वप्नांत वृषभ आहे. भगवान ऋषभदेवांचे लांछनही वृषभच. उपाश्रयातून परतणाऱ्या बालकाला वाटेत चाकांवरचा बैल भेटला, तर त्याला तो परका वाटू नये.

आनंदाच्या या चित्रात एक बोच आहे. शेतात ट्रॅक्टर आला, चारा महागला, गोठे रिकामे होऊ लागले. मोठ्या पोळ्याला तोरणाखाली जोड्या कमी दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी नंदींची रांग मात्र लांबतच जाते. ज्या खऱ्या बैलाची ओळख व्हावी म्हणून लाकडी बैल घडवला, तो खरा बैलच मुलाला आदल्या दिवशी शोधावा लागतो. दुसरी गोष्ट चढाओढीची. नंदी इतका उंच झाला की त्याची दोरी मुलाच्या हातून बापाच्या हाती जाते. मग पोळा तान्ह्यांचा कसा उरेल? उंच नंदी डोळे दिपवतो हे खरे, पण मुलाच्या कमरेएवढ्या नंदीची खडखडत जाणारी चाके ऐकताना जे सुख होते, ते त्यात नाही.

तिन्हीसांजेला गर्दी पांगते. स्थानकावर परगावची माणसे गाडीची वाट पाहत उभी असतात. कडेवरच्या लेकरांच्या मुठीत अजून दोरी असते. घरोघरी नंदीचे दागिने उतरवले जातात, पायांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला जातो. मग जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याला माळ्यावर चढवतात, आणि खालून एखादे मूल विचारतेच की, त्याला वर एकट्याला भूक लागणार नाही ना?