मिनिडिस्क: खिशातला ध्वनिमुद्रक

सोनी कंपनीने १९९२ साली जपानमध्ये मिनिडिस्क बाजारात आणली. जेमतेम ६४ मिलिमीटर व्यासाची ही तबकडी प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत कायमची बंद असते, त्यामुळे तिच्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत की सहसा चरे पडत नाहीत.

ध्वनिमुद्रण करताना खालून लेसर तबकडीचा एक सूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि वरचे चुंबकीय हेड त्याची चुंबकीय दिशा ठरवते. ठिपका निवला की ती दिशा पक्की होते. ऐकताना मात्र लेसर एकटाच पुरतो. आवाज सुमारे एक-पंचमांश आकारात दाबून साठवल्यामुळे एवढ्याशा तबकडीत ७४ मिनिटे मावतात. मोनोमध्ये त्याच्या दुप्पट. चालता चालता धक्का बसला, तरी काही सेकंदांचा आवाज आधीच स्मृतीत भरलेला असल्याने गाणे अडखळत नाही.

मुद्रण थांबवल्यावर पडद्यावर ‘टीओसी’ ही अक्षरे दिसतात. यंत्र तेव्हा तबकडीची अनुक्रमणिका लिहीत असते. त्याच वेळी बॅटरी काढली, तर तासाभराची मुलाखतही हातची जाऊ शकते. मुद्रण जपायचे असेल, तर डबीच्या कडेची छोटी खिट्टी सरकवून ठेवावी. मग चुकूनही ते पुसले जात नाही.

सोनीने २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या मिनिडिस्कचे उत्पादनही थांबवले. तुमच्या कपाटात जुन्या मुद्रित डिस्क असतील, तर यंत्र चालू आहे तोवर त्या संगणकावर उतरवून घ्या.