गव्हाविना सणाचे खतखते

सणाच्या दिवशी घरातील एखाद्या मुलाचे पान वेगळे मांडावे लागणे, ही आईच्या मनाला लागणारी गोष्ट असते. पंगत बसते, उदबत्तीचा वास दरवळतो, पुऱ्या येतात आणि वाढणारा त्या एका पानावरून पुढे सरकतो. नेवऱ्यांचे ताट आले की मूल आईकडे पाहते आणि आई मान हलवते. गहू न सोसणाऱ्या मुलाच्या घरी हे दर चवथीला घडते. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण बाजारातून निराळी, महागडी पाकिटे आणतात आणि त्या मुलासाठी निराळा पदार्थ शिजवतात. हेतू चांगला असतो. परंतु त्यामुळे पान वेगळे ते वेगळेच राहते.

वस्तुतः गोव्याच्या सणाच्या स्वयंपाकात एक पदार्थ असा आहे की, त्यात गव्हाचा कण मुळातच नसतो आणि तो साऱ्या पंगतीला एकाच भांड्यातून वाढता येतो. तो पदार्थ म्हणजे खतखते. गणेशचतुर्थीला, लग्नकार्यात, देवकार्यात गोमंतकातील हिंदू घरांतून ही अनेक भाज्यांची मिसळ शिजते. मंद आचेवर ती खतखत शिजते, त्यावरूनच तिला हे नाव पडले असे सांगतात. ती कशी करावी आणि गहू न सोसणाऱ्याला वाढण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम गव्हात असे काय आहे ते पाहू. कणकेचा एक गोळा मळून अर्धा तास ठेवावा आणि नंतर नळाच्या बारीक धारेखाली हळूहळू दाबीत धुवावा. पांढरे पाणी वाहून जाते. तो पिठातील स्टार्च. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा, करडा-पिवळसर चिवट गोळा उरतो. हेच ग्लूटेन. ते गव्हातील प्रथिनांचे बनलेले असते. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो, तो या ग्लूटेनमुळेच. मैदा, रवा, शेवया आणि दलिया ही सारी गव्हाचीच रूपे आहेत. जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी यांत ती नसतात. म्हणूनच ज्वारीची भाकरी पोळीसारखी लाटता येत नाही. ती थापावी लागते.

बहुतेकांना ग्लूटेन निरुपद्रवी असते. परंतु काही जणांच्या शरीरात ते गेले की, शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि अन्नातील सत्त्व अंगी लागेनासे होते. या विकाराला सीलिअ‍ॅक रोग म्हणतात. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसात कधी केवळ न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते. भारतात हा विकार गहू अधिक खाणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशांत जास्त आढळतो. तथापि तांदूळ खाणाऱ्या प्रांतातही तो होत नाही असे नाही.

या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध सिद्ध करण्याचे श्रेय हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दिले जाते. गव्हाविषयीचा संशय त्यांना आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, त्या देशात पावाचा भीषण तुटवडा पडला. लोक उपाशी असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांचा त्रास परतला. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि गहू वर्ज्य करण्याच्या उपचाराला शास्त्राचा आधार मिळाला. आजही या रोगावरचा खात्रीचा उपचार तोच आहे आणि तो जन्मभर पाळावा लागतो. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. संशय आला म्हणून आपल्याच मनाने गहू बंद करू नये. आधी वैद्यांकडून रक्ताची आणि आवश्यक तर आतड्याची तपासणी करून घ्यावी. गहू आधीच सोडला तर तपासणीत रोग लपून राहू शकतो.

आता खतखत्याकडे वळू. पाश्चात्त्य पद्धतीच्या पुष्कळ भाज्यांच्या पदार्थांत रस दाट करण्यासाठी मैदा घालतात. खतखत्याला त्याची गरज पडत नाही. शिजलेली तूरडाळ, कंदांतील स्टार्च आणि बारीक वाटलेले खोबरे यांनीच त्याला अंगचा दाटपणा येतो. खोबऱ्याचा गोडवा, सोलांचा आंबटपणा, गुळाची चव आणि तिरफळांचा जिभेला किंचित झिणझिण्या आणणारा वास, ही त्याची ओळख. त्यात कांदा-लसूण नसतो आणि अनेक घरांत त्याला फोडणीही देत नाहीत.

आठ-दहा माणसांसाठी साधारणतः असे प्रमाण घ्यावे. तूरडाळ १५० ग्रॅम. सर्व भाज्या मिळून सव्वा किलो. त्यांत सुरण, कणगी, अळकुड्या, रताळी, कच्ची केळी, मुळा, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस आणि लाल भोपळा यांपैकी ज्या मिळतील त्या घ्याव्यात. गोव्यात याच लाल भोपळ्याला दुधी म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी त्या नावाने फसू नये. एका नारळाचे खोबरे, सात-आठ सुक्या लाल मिरच्या, अर्धा चमचा हळद, दहा-बारा तिरफळे, सहा-सात सोले म्हणजे आमसुले, लिंबाएवढा गूळ आणि चवीपुरते मीठ, एवढे साहित्य पुरते.

डाळ निवडून, धुऊन अर्धा तास भिजवावी आणि मऊ शिजवावी; तिचे पीठ होऊ देऊ नये. सुरण आणि अळकुड्या चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, कारण त्यांतील सुईसारखे सूक्ष्म स्फटिक कातडीला टोचून खाज आणतात. नीरफणसाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात टाकाव्यात. सर्व फोडी सुमारे एक इंचाच्या, सारख्या आकाराच्या असाव्यात.

भाज्या एकदम घालू नयेत. येथेच पुष्कळांचे खतखते बिघडते. आधी सुरण, कणगी, अळकुड्या, मुळा आणि कणसाचे तुकडे मीठ-हळद घातलेल्या पाण्यात शिजत टाकावेत. दहा मिनिटांनी केळी, नीरफणस, रताळी आणि शेंगा घालाव्यात. भोपळा अगदी शेवटी, कारण तो लवकर विरघळतो. सुरण बोटाने सहज चेपला गेला पाहिजे. कच्चा राहिला तर घसा खवखवतो. भाज्या शिजल्या की डाळ मिसळावी.

दरम्यान खोबरे आणि मिरच्या थोडे पाणी घालून गंधासारख्या बारीक वाटाव्यात. हे वाटण घालून खतखते मंद आचेवर पाच-सात मिनिटे शिजू द्यावे. जोराच्या उकळीने खोबऱ्याचा रस फाटतो. तिरफळांतील काळी बी काढून टाकावी, टरफले हलकी ठेचून घालावीत. सोले आणि गूळ सर्वांत शेवटी. सोलांची घाई करू नये, कारण आंबट पदार्थ आधी पडला तर डाळ आणि भाज्या लवकर मऊ होत नाहीत. नंतर भांडे उतरवून झाकून अर्धा तास मुरू द्यावे. तिरफळांचा वास या अर्ध्या तासातच सर्वत्र भरतो.

येथवर गव्हाचा कोठेच संबंध आला नाही. परंतु तो न बोलावता येऊ शकतो आणि त्याच्या तीन चोरवाटा आहेत.

पहिली वाट हिंगाची. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसून बांधणीचा असतो. त्यात डिंकाबरोबर स्टार्च किंवा धान्याचे पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. ज्यांना फोडणीवाचून चैन पडत नाही अशी माणसे खतखत्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओततात आणि निर्दोष पदार्थ दूषित होतो. डबीवरील घटक वाचल्याशिवाय हिंग वापरू नये. येथे तर तो मुळातच अनावश्यक आहे.

दुसरी वाट गिरणीची. ज्या जात्यावर गहू दळला, त्यावरच मागाहून मिरची, धने किंवा तांदूळ दळला तर गव्हाचे पीठ त्यात उतरते. म्हणून मिरची पूड न घेता सुकी मिरचीच घरी वाटावी. हळद शक्य तर घरी कुटलेली घ्यावी. पाटा-वरवंटा किंवा मिक्सरचे भांडे आधी घासून धुवावे.

तिसरी वाट पळीची, आणि ती सर्वांत सोपी म्हणूनच सर्वांत घातक. कणकेच्या हाताने मीठ टाकले जाते; पुऱ्या काढलेला झारा भाजीत बुडतो; नेवऱ्या तळलेल्या तेलात त्या मुलासाठी पापड तळला जातो. उकळल्याने किंवा तळल्याने ग्लूटेन नाहीसे होत नाही. त्याचे प्रमाण किती सूक्ष्म असते ते एका हिशेबाने कळेल. भारतीय अन्ननियमांनुसार ज्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणायचे, त्याच्या एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. एका मध्यम पोळीत सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे तीन हजार मिलिग्रॅम ग्लूटेन असते. तेव्हा पोळीचा शंभरावा हिस्सा, म्हणजे पळीला चिकटलेला एक तुकडा, किलोभर खतखत्याला ती मर्यादा ओलांडायला लावतो. ‘एवढ्याशाने काय होते?’ हा आजीचा प्रश्न मायेचा असतो. परंतु त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून सणाच्या दिवशी क्रम असा ठेवावा. खतखते आणि भात सकाळी आधी करून झाकून ठेवावेत. कणीक त्यानंतर भिजवावी. खतखत्याची पळी निराळी ठेवावी आणि वाढताना ते भांडे पुऱ्यांच्या आधी फिरवावे. गोडासाठी घरी स्वच्छ जात्यावर दळलेल्या तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक किंवा हळदीच्या पानांतील पातोळ्या कराव्यात. याच पातोळ्या गोव्यातील ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला होतात. म्हणजे गोमंतकाच्या सणांनी तांदूळ, नारळ आणि गूळ यांवर गोडधोडाची मोठी परंपरा पूर्वीच उभी केली आहे.

गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांपुढे अडचण निराळी असते. इंदूर-ग्वाल्हेरकडे गहू हाच रोजचा आहार. माळव्यात पाहुण्यापुढे दाल-बाफले येतात, आणि बाफले कणकेचेच. बडोद्याला संक्रांतीचे उंधियू खतखत्याच्या नात्यातले वाटते; परंतु त्यातील मेथीच्या मुठियांत बेसनाबरोबर बहुधा गव्हाचे पीठ असते. अशा ठिकाणी खतखते विशेष उपयोगी पडते. कणगी आणि नीरफणस न मिळाले तरी सुरण, अळकुड्या, रताळी, कच्ची केळी, शेवगा आणि भोपळा हैदराबादपासून ग्वाल्हेरपर्यंत मिळतात. सोले आणि तिरफळे वाळलेली असल्याने गावाहून येताना डबीत आणता येतात आणि नीट झाकून ठेवली तर पुढच्या सणापर्यंत टिकतात. तिरफळांवाचून केलेली भाजी चवदार होईल, पण तिला खतखते म्हणता येणार नाही.

पथ्य म्हटले की मनुष्य काय सोडावे याची यादी करू लागतो. सणाच्या दिवशी उलट यादी करावी. आपल्याच घरात काय आधीपासून सर्वांना चालण्याजोगे आहे ते पाहावे. मग त्या मुलासाठी निराळे भांडे चढवावे लागत नाही. एकाच भांड्यातले खतखते साऱ्या पंगतीला वाढले जाते, आणि वाढणाऱ्याला त्या एका पानापाशी पळी मागे घ्यावी लागत नाही.