ध्वनिमुद्रणासाठी संगणकाची निवड

छत्तीसगढमध्ये पंडवानी ही मौखिक गायनपरंपरा प्रसिद्ध आहे. गायक हाती तंबुरा घेऊन महाभारतातील कथा गातो. प्रत्येक वेळी त्या गायनाला नवे रूप लाभते. एखाद्या वृद्ध गायकाचे ध्वनिमुद्रण बिघडले, तर तो आविष्कार पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून राजधानी रायपूरमधील ध्वनिमुद्रणगृहासाठी संगणक निवडताना केवळ वेग पाहू नये. शांतता व विश्वासार्हताही पाहावी.

रायपूरमध्ये मे महिन्यात तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. संगणक तापला की त्याचा पंखा वेगाने फिरू लागतो आणि त्याची घरघर मायक्रोफोन टिपतो. मोठा पंखा मंद गतीनेही पुरेशी हवा खेळवतो. त्यामुळे आवाज कमी होतो. खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड येथे अनावश्यक असते. ते उष्णता मात्र वाढवते. माहिती साठवण्यासाठी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरते भाग नसल्याने ती निःशब्द असते.

साठवणुकीचा हिशेबही आधीच करावा. ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा असला, तर एका मायक्रोफोनचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट जागा व्यापते. दहा मायक्रोफोन असल्यास ही जागा ५ गिगाबाइटहून अधिक होते.

वीज अचानक गेल्यास काम जतन करण्यापुरता वेळ यूपीएसमुळे मिळतो. त्याच दिवशी मुद्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. यंत्र पुन्हा विकत घेता येते; गेलेला स्वर परत मिळत नाही.